९९ एपीओ

आमच्या घराच्या माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या धाकट्या काकांच्या फौजी नंबरातले आता तीनच आकडे वाचता येतात. आत पट्ट्याचे पितळी बक्कल, पेन्शनचे कागद आणि सुतळीने बांधलेली निळ्या आंतरदेशीय पत्रांची जुडी आहे. ही पत्रे मी नऊ वर्षांची असताना, म्हणजे १९७१ साली, चुलीपुढे बसून आजीला वाचून दाखवलेली आहेत. आजीला अक्षर येत नव्हते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ज्या घरातला मुलगा पलटणीत होता, त्या बहुतेक घरांत पत्र वाचण्याचे काम असेच एखाद्या शाळकरी पोराकडे असे.

पत्रांत फारसे काही नसायचे. ‘मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ ही सुरुवात, मध्ये भात कसे आले आणि म्हैस व्याली का याची चौकशी, आणि शेवटी थोरामोठ्यांस नमस्कार. गावाचे नाव नाही, डोंगराचे नाही, नदीचे नाही. पत्ता म्हणून नंबर, हुद्दा, पलटण आणि अखेरीस ‘५६ एपीओ’. एपीओ म्हणजे फौजेचे टपाल कार्यालय. त्या आकड्यावर टाकलेले पत्र बरोबर माणसाच्या हाती पोचते, पण तो माणूस कुठे आहे हे टाकणाऱ्याला कळत नाही. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आलेल्या एका पत्रावर ५६च्या जागी ९९ होते. मी नेहमीप्रमाणे मजकूर तेवढा वाचला. आजीने पत्र हातात घेऊन उलटसुलट केले (अक्षर येत नसले तरी बाजारहाटामुळे तिला आकडे येत) आणि म्हणाली, “आकडा बदललाय की गं.” दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या वाडीतल्या पेन्शनर हवालदारांकडे जाऊन आली. पूर्वेकडच्या फौजेला ९९ आणि बाकीच्यांना ५६, एवढेच त्यांनी सांगितले असावे. पूर्वेला काय चालले आहे, ते रेडिओवर रोज येतच होते.

मी शाळेत बढाई मारली. आमचे काका बंगालच्या लढाईला गेलेत, असे सगळ्या वर्गादेखत गुरुजींना सांगितले. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर फिरून आमच्याच दारात परत आली आणि आजीने माझ्या थोबाडीत मारली. तिने मला मारल्याची ती एकच आठवण आहे. “पोरगं तिकडं हाय आमचं,” ती म्हणाली, “गावात बोलायचं न्हवं ते.” लष्करी गुपित षट्कर्णी केल्याबद्दल मला झालेली शिक्षा तेवढ्यावर भागली, १९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाला तेवढ्यावर समाधान वाटले नसते.

त्या थोबाडीची आठवण २०२५च्या मे महिन्यात मला रोज येत होती. ऑपरेशन सिंदूर सुरू झाले तेव्हा आमच्या मारुतीच्या कट्ट्यावर माणसे रात्री अकरापर्यंत बसत. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, हवाई दलाची प्रशिक्षण शाळा सांबऱ्याला. या भागात युद्ध ही टीव्हीपुरती गोष्ट राहत नाही. कट्ट्यावरच्या एकाचा मुलगा, एकाचा जावई आणि एकाचा भाचा सरहद्दीकडे होता. नेमका कुठे, हे कोणी कोणाला विचारत नव्हते. अशात कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाने फौजेच्या गाड्यांचा ताफा जातानाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. सुभेदारमामांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर करून बघितले आणि विचारले, “हे पुढं पाठवलास काय?”

“सगळ्यांनीच पाठवलंय, मामा.”

“रस्त्याची पाटी दिसायलीय की रे. किलोमीटरसुद्धा दिसायलाय.”

त्या मुलाने तो व्हिडिओ पुसला खरा, पण तोवर त्याने आणखी चाळीस जणांना तो दिलेला होता. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच माध्यमांना आणि समाजमाध्यमांवरच्या लोकांना बजावले होते की लष्करी हालचालींचे थेट चित्रण दाखवू नये, आणि त्यासाठी कारगिल, कंदाहारचे विमान अपहरण आणि मुंबईवरचा हल्ला या तीन प्रसंगांचे दाखले दिले होते. सुभेदारमामांना त्या पत्रकाची गरज नव्हती. मला त्यांच्यात आजी दिसली.

हाच मुलगा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कट्ट्यावर आला, तेव्हा त्याच्याकडे प्रश्न होता आणि मामांकडे तयार उत्तर नव्हते. लढाई चालू असताना आपली विमाने पडली का, याचे उत्तर देण्याचे सरकारने टाळले होते. ११ मे रोजी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी नुकसान हा लढाईचा भाग असतो एवढेच सांगितले, आणि ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना, आकडा न देता, विमाने गमावल्याचे मान्य केले. मुलगा म्हणाला, “खरं मामा, ज्यांनी पाडली त्यांना त्याच रात्री कळलं होतं. मग तीन आठवडे हे लपवलं कोणापासून?” मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तीन आठवडे म्हणजे तीन आठवडेच की रे. तीस वर्षं न्हवं.”

मला दोघांचेही पटले, आणि अडचण तिथेच सुरू झाली. आपल्याकडची ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मुठीत काय आहे ते विचारत नाही. मुठीत सैनिकाचा ठावठिकाणा असू शकतो आणि साहेबाची चूकही असू शकते. बाहेरून मूठ सारखीच दिसते. सरकारी कागदावर ‘गोपनीय’ असा जो शिक्का बसतो, तो दोन्हींवर एकाच शाईने बसतो. त्यामुळे युद्धकाळात लष्करी कागद फुटले की जो वाद होतो, त्यात एक बाजू सैनिकाच्या जिवाचा हवाला देते, दुसरी जनतेच्या हक्काचा, आणि दोघी निरनिराळ्या कागदांबद्दल बोलत असतात. त्या मुलाचा प्रश्न मला या वादातला सगळ्यात उपयोगी प्रश्न वाटतो. गुपित कोणापासून?

(मध्येच एक गोष्ट सांगून टाकते. त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्याने कागद नसताना फुटलेली बातमीही पाहिली. लष्कराच्या वतीने रोज टीव्हीवर माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरचे. त्या घरावर हल्ला झाल्याची अफवा समाजमाध्यमांवर अशी पसरली की ती धादांत खोटी असल्याचे पोलिसांना जाहीर करावे लागले. खऱ्याची दुकाने बंद असली की खोट्याचा बाजार तेजीत चालतो.)

आजी ज्या डिसेंबरात मारुतीला नारळ बोलत होती, त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या अध्यक्षतेखाली भारत-पाकिस्तान युद्धावर गुप्त बैठका चालल्या होत्या. जाहीरपणे अमेरिकी सरकार आपण भारतविरोधी नसल्याचे सांगत होते. ३ डिसेंबरच्या बैठकीत मात्र किसिंजर सहकाऱ्यांना सांगत होते की, भारताशी पुरेसे कडक वागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्याला दर अर्ध्या तासाला फैलावर घेतात; त्यांना पाकिस्तानकडे कललेले धोरण हवे आहे. या बैठकांची टिपणे जॅक अँडरसन या स्तंभलेखकाच्या हाती लागली. युद्ध संपायच्या आतच त्यांनी त्यातला मजकूर छापायला सुरुवात केली, जानेवारी १९७२मध्ये मूळ टिपणेही वृत्तपत्रांत आली, आणि त्याच वर्षी अँडरसनना पुलित्झर पारितोषिक मिळाले. कागद कोणी दिले याचा संशय नौदलातल्या एका कारकुनावर गेला. त्याने ते नाकारले, त्याची बदली झाली, पण खटला कधी उभा राहिला नाही.

आता हे गुपित कोणापासून होते? अमेरिकेचा कल पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांना ठाऊक होता. अमेरिकेचे विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघाल्यावर दिल्लीलाही तो दिसायचा राहिला नव्हता. राहता राहिले ते अमेरिकी नागरिक. गंमत अशी की, निक्सन यांनी त्या काळात आपल्याबद्दल बंद दाराआड काय म्हटले, हे आपल्याकडे आजही चवीने सांगितले जाते. ते फुटले नसते तर आपण काय सांगितले असते, याचा विचार सांगणारा करत नाही. उद्या दिल्लीतल्या एखाद्या कारकुनाने आपल्या बैठकीचे टिपण असेच बाहेर दिले, तर कट्ट्यावरचा हाच माणूस त्याला घरभेदी म्हणेल. दुसऱ्याचे गुपित फुटले की पत्रकारिता आणि आपले फुटले की गद्दारी, हा हिशेब मी कित्येक सज्जन माणसांच्या तोंडून ऐकला आहे. माझ्याही तोंडून तो कधी निघाला नसेल, असे मी छातीठोकपणे सांगत नाही.

त्याच १९७१ सालच्या जूनमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पेंटॅगॉन पेपर्स छापायला सुरुवात केली होती. व्हिएतनाममध्ये अमेरिका कशी गुंतत गेली, याचा संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९६७मध्ये करवून घेतलेला हा अभ्यास ४७ खंडांचा आणि सुमारे ७ हजार पानांचा होता. त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६९मध्ये रात्री जागून त्याच्या प्रती काढल्या. एका रात्री त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा यंत्रावर मदतीला होता आणि दहा वर्षांची मुलगी कात्री घेऊन पानांच्या वरखालचे ‘टॉप सीक्रेट’ हे शब्द कापून टाकत होती. शिक्का कापल्याने कागदातले गुपित जाते की नाही, हे त्या मुलीला कळत नसणार. मला तरी नऊ वर्षांची असताना कुठे कळत होते? फरक इतकाच की तिच्या हाती बापाने कात्री दिली आणि मला आजीने चापट दिली, आणि दोघांनीही ते मुलांच्या भल्यासाठीच केले असे मी मानते.

एल्सबर्ग यांच्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग लोक सहसा सांगत नाहीत. शांततेच्या वाटाघाटींसंबंधीचे चार खंड त्यांनी वृत्तपत्राला दिले नाहीत, कारण ते फुटले तर चालू बोलणी बिघडतील अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे या माणसाने धान्य पाखडतात तशी पाने पाखडली होती. पुढे ३० जून १९७१ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने छपाईवरची बंदी उठवली, पण ती छापणाऱ्यांबाबत. फोडणाऱ्यावरचा खटला १९७३मध्ये निकाली निघाला तो सरकारच्याच लांड्यालबाड्यांमुळे: एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय सरकारच्या माणसांनी फोडले होते. त्यांनी कागद फोडले ते बरोबर की चूक, यावर कोणत्याही न्यायालयाने उत्तर दिलेले नाही. वादाची दोन्ही टोके त्यांचे नाव आपापल्या बाजूने घेतात, ते बहुधा यामुळेच जमते.

पाखडल्याशिवाय ओतले की काय होते, ते जुलै २०१०मध्ये दिसले. फुटलेले कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकीलीक्स या संकेतस्थळाने अफगाणिस्तानातल्या युद्धाच्या सुमारे ९१ हजार नोंदींपैकी १५ हजार मागे ठेवून बाकीच्या सगळ्या उघड केल्या. त्यांत अमेरिकी फौजेला बातमी देणाऱ्या काही अफगाण माणसांची नावे तशीच राहिली होती. तालिबानने आम्ही ती यादी तपासू असे जाहीर केले. ज्या वृत्तपत्रांनी याच नोंदींच्या आधारे त्याच दिवशी बातम्या दिल्या, त्यांनी अशी नावे गाळली होती. म्हणजे गाळणे अशक्य नव्हते. या प्रसंगाबद्दल शहरातली शिकलेली माणसे उदारपणे बोलतात, तेव्हा मला आमच्यासारखे गाव डोळ्यांपुढे येते. आमच्या गावात कोणाला शोधायचे तर घर नंबर लागत नाही. नाव आणि बापाचे नाव पुरते, आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही त्याच्या ओसरीवर पोचता. अफगाणिस्तानातले खेडे याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

तरीही दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांच्यावरच्या लष्करी खटल्यात २०१३मध्ये अमेरिकी लष्कराच्याच एका ब्रिगेडियर जनरलने साक्ष दिली की, या प्रकटनामुळे अमुक एक माणूस मारला गेला असे ठोस उदाहरण आपल्याला सापडलेले नाही. आणि याच मॅनिंग यांच्यामुळे जगाने बगदादमधले जुलै २००७चे ते चित्रण पाहिले, ज्यात हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले. त्या चित्रणात शत्रूपासून लपवण्यासारखे काहीच नव्हते. मॅनिंग यांना पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. २०१७मध्ये ती कमी करून त्यांना सोडण्यात आले. युक्रेनच्या युद्धाचे ताजे कागद केवळ ओळखीच्या पोरांत मोठेपणा मिरवण्यासाठी इंटरनेटवर टाकणाऱ्या जॅक टेक्सेरा या एकवीस वर्षांच्या हवाई सैनिकाला २०२४मध्ये पंधरा वर्षे झाली. त्याच्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. तो माझ्या चौथीच्या वर्गातला आहे. त्याला वेळेवर आजी भेटली नाही.

पण फोडणारा कोण होता आणि त्याच्या मनात काय होते, यातच आपण गुरफटतो, आणि ज्यांनी स्वतःहून उघडायचे त्यांनी का उघडले नाही हे विचारायचे राहून जाते. याचे उत्तर शोधायला मला वॉशिंग्टनला जावे लागत नाही. बेळगावच्या केंद्रात शरकतचे युद्धस्मारक आहे. शरकत हे इराकातले, तेव्हाच्या मेसोपोटेमियातले, टायग्रिस नदीकाठचे गाव; १९१८च्या ऑक्टोबरात तिथे ११४ मराठा ही पलटण लढली, आणि १९२२च्या पुनर्रचनेत हीच पलटण मराठ्यांची प्रशिक्षण पलटण झाली. भरती झालेल्या पोरांना त्या लढाईचे नाव माहीत असते. त्याच नदीवर त्याआधी तीन वर्षे जे घडले, त्याचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही.

१९१५च्या नोव्हेंबरात पुण्याची सहावी डिव्हिजन बगदादच्या रोखाने पुढे ढकलली गेली, टेसिफोनला रोखली गेली आणि मागे हटत कूट या गावात अडकली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस वेढा चालला. माणसांनी घोडे आणि खेचरे खाल्ली, आणि २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यांतली फार मोठी संख्या कैदेतच मेली. पण आमच्या विषयाचा भाग त्याआधीचा, टेसिफोनच्या जखमींचा आहे. त्यांना नदीतून बसऱ्याला आणले तेव्हा वर तार गेली की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली असून अडचणी असतानाही वैद्यकीय यंत्रणेने उत्तम काम केले. बसऱ्याच्या धक्क्यावर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे एक डॉक्टर उभे होते. मेजिदिया ही आगबोट जवळ येताना तिच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असे त्यांना वाटले. बोट धक्क्याला लागल्यावर दिसले की ते दोर नव्हते. डेकवर खच्चून भरलेल्या आजारी आणि जखमी माणसांची विष्ठा कडेवरून ओघळून सुकली होती. कार्टरनी हे वर कळवले. त्यांना बक्षीस म्हणून दम मिळाला: नसत्या उठाठेवी करणारा माणूस ठरवून, तोंड बंद ठेव, नाहीतर हुद्दा जाईल, असे त्यांना बजावण्यात आले.

ही गोष्ट तुर्कांपासून लपवायची होती काय? तुर्क तर समोरच होते. ती लपवायची होती लंडनपासून, आणि देशावरच्या व कोकणातल्या त्या घरांपासून, ज्यांची माणसे त्या डेकवर होती. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे कार्टरनी हेच सांगितले, आणि आयोगाने ते छापले. कधी छापले? जून १९१७मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच मेसोपोटेमियात फौजा लढत असताना. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी जुलैत राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले एडविन माँटेग्यू यांनी २० ऑगस्टला भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली. युद्ध त्यामुळे हरले गेले नाही. मराठ्यांचे धैर्य खचले असे म्हणावे तर शरकतची लढाई या अहवालानंतर सव्वा वर्षाने झाली आहे. परक्या सत्तेने, स्वतःची अब्रू वाचवण्याची सगळी साधने हाताशी असताना, लढाई चालू असतानाच हे उघड केले. आणि जे उघड केले ते झालेल्या चुकांबद्दलचे होते, पुढच्या बेतांबद्दलचे नव्हते. पाखडता येते ते असे.

या तुलनेत १९६२ची आठवण मला अवघड जाते, कारण तिच्यात आपले माणूस आहे. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला असे आपण म्हटले, आणि सीमाभागात तर ते अधिकच अभिमानाने म्हटले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. सप्टेंबर १९६३मध्ये चव्हाणांनी लोकसभेत त्याचे सार सांगितले आणि मूळ अहवाल देता येणार नाही असे सांगितले. सुरक्षितता धोक्यात येईल आणि सीमेवरच्या जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हे कारण दिले. १९६३मध्ये ते कारण खोटे होते असे मी म्हणणार नाही. फौज पुन्हा उभी करायची होती आणि चिनी सैन्य पलीकडेच होते. पण २०१०मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनीही संसदेत सांगितले की त्यातला मजकूर संवेदनशील आहे आणि आजच्या कारवाईच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मार्च २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने काही पाने वगळून तो इंटरनेटवर टाकला. पुरेसे बळ नसताना चौक्या पुढे ढकलण्याच्या धोरणावर त्यात जे ताशेरे आहेत, ते वाचून चीनला नवे काय कळणार होते? चौक्या कशा पडल्या, हे त्या पाडणाऱ्यांना कोणी सांगायला नको होते. अधिकृतपणे तो अहवाल अजून बंदच आहे. सुभेदारमामांच्या भाषेत सांगायचे तर तीन आठवडे गेले, तीस वर्षेही गेली, आणि आता साठी उलटली.

कायद्यात वाटा नाहीत असे नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात अशी तरतूद आहे की, गुपिताने होणाऱ्या रक्षणापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर १९२३चा अधिनियम असूनही माहिती देता येते. २०१९मध्ये राफेल विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात, फुटून छापून आलेली कागदपत्रे न्यायालयापुढे ठेवली गेली, तेव्हा सरकारने ती चोरीची आहेत, ती बघूच नयेत असा आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना पेंटॅगॉन पेपर्सच्या निकालाचा दाखला दिला. पुढे मूळ पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, हेही सांगायला हवे. २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाच्या नोंदी सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. पंचवीस वर्षे हा आकडा मला बरा वाटतो. तेवढ्या काळात आई नाही तरी भाऊ हयात असतो.

हे लिहिण्याचे कारण त्या भावाशी संबंधित आहे. काका १९७२च्या उन्हाळ्यात रजेवर आले. त्यांच्याबरोबर भरती झालेला नदीपलीकडच्या गावचा एक गडी आला नाही. पलटणीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याची आई पाच कोस चालत आमच्या घरी आली, सोप्यात बसली, पाणी घेतले आणि काकांना विचारले, “कसं झालं, बाळ?” काका म्हणाले, “लगेच गेला, मावशी. त्याला कळलंबी न्हाई.” ती दर वर्षी यात्रेला आली की आमच्याकडे यायची, तेच विचारायची, आणि काका शब्दही न बदलता तेच सांगायचे. आजी तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जायची, एवढे मला तेव्हाही दिसले होते. ती बाई गेली. आजी गेली. काकांनी शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, तासभर बोलून मला खरे काय झाले ते सांगितले, आणि वर म्हणाले, “लिहू नगोस कुठं.”

त्या गड्याचा धाकटा भाऊ माझ्याच वयाचा आहे. त्याने मध्ये एका कार्यालयाला अर्ज करून भावाच्या मृत्यूची हकिकत मागितली होती. अशी माहिती देता येत नाही असे दोन ओळींचे उत्तर आले. गेल्या दिवाळीआधी खानापूरच्या बाजारात तो भेटला. पणत्या घेत होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, “बाई, तुमच्या काकांनी कधी काय सांगितलं होतं काय, आमच्या अण्णाबद्दल?”

मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होते. त्या मुलाचा कट्ट्यावरचा प्रश्न मला आठवला, आणि त्याचे उत्तरही माझ्यासमोरच उभे होते. मी म्हटले, “लगेच गेले म्हणायचे. कळलंही नाही.”

“हां, आई पण तेच सांगायची,” तो म्हणाला, आणि पणत्यांचे पैसे देऊन बसस्टँडकडे गेला.